ऊर्ध्व गोदावरी जलमार्ग योजना

ऊर्ध्व गोदावरी जलमार्ग योजना ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश सरकारने हाती घेतलेली नौकानयनाची योजना होती. बंगालच्या उपसागरापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांच्या मार्गाने नागपूर-वऱ्हाडच्या कापूस पट्ट्यापर्यंत मालाच्या नावा नेण्याचा तिचा उद्देश होता. नदीतील तीन खडकाळ अडथळ्यांपाशी बंधारे व बाजूने कालवे बांधून इंग्लंडातील कालव्यांप्रमाणे दारांच्या साहाय्याने नावा वर चढवायच्या, अशी तिची मूळ कल्पना होती. अभियंता आर्थर कॉटन हे योजनेचे प्रवर्तक होते आणि प्रत्यक्ष काम मुख्यतः एफ. टी. हेग यांच्या देखरेखीखाली चालले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. तिचे अवशेष तेलंगणातील दुम्मागुडेम येथे आहेत.

== 'कालवा' या शब्दाविषयी ==

मराठीत कालवा म्हटले की शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांसमोर येतो. मुठा, नीरा किंवा गोदावरीचे कालवे सिंचनासाठीच काढले गेले. त्यांतून मालाच्या नावा चालवण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडात परिस्थिती नेमकी उलट होती. तेथील शेतीला पाटाच्या पाण्याची गरज नव्हती आणि कालवे खोदले गेले ते वाहतुकीसाठी. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय कॉटन यांचे म्हणणे समजत नाही. एकाच कालव्याने शेत भिजवावे आणि त्याच पाण्यावरून धान्य-कापूसही वाहावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे दोन्ही देशांतील कालव्यांचे अर्थ त्यांना एकत्र करायचे होते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ते त्यांनी करूनही दाखवले.

== नद्यांची रचना ==

नागपूरच्या पश्चिमेस लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी पूर्वेकडे वाहत जाऊन कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमापासून पुढील प्रवाहास प्राणहिता म्हणतात. सुमारे ११३ किलोमीटर वाहून प्राणहिता सिरोंचाजवळ, काळेश्वरच्या समोर, गोदावरीस मिळते. पुढे सोमनूरजवळ बस्तरमधून आलेली इंद्रावती येऊन मिळते. नंतर गोदावरी भद्राचलमवरून जाते, पापीकोंडा डोंगरांतील अरुंद घळईतून बाहेर पडते आणि राजमहेंद्रीपाशी सपाटीवर येते. तेथून जवळच धवळेश्वरम येथे ती फाटे घेऊन समुद्राकडे निघते.

तात्पर्य, नागपूर शहरावर पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे जात नाही. तो आंध्रच्या किनाऱ्याला जातो. विदर्भाचा नैसर्गिक उतार पूर्वेकडे आहे. व्यापार मात्र गेली दीडशे वर्षे पश्चिमेकडे, मुंबईला चालत आला आहे. ही दिशा जमिनीने ठरवलेली नाही, ती लोहमार्गाने ठरवली, आणि ती ठरण्यापूर्वीच्या दहा-पंधरा वर्षांत दुसऱ्या दिशेचा जो प्रयत्न झाला तो म्हणजे ही योजना.

== इंग्लंडातील नमुना ==

ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी काढलेला कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली. खडबडीत रस्त्यावर गाडी ओढताना घोडा जेवढे ओझे नेऊ शकतो त्याच्या कितीतरी पट ओझे तो काठावरून चालत, दोराने नाव ओढत नेतो. एका घोड्यामागे २५ ते ३० टन माल ही तेथील नित्याची गोष्ट होती. मँचेस्टरात कोळसा स्वस्त झाला आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत मध्य इंग्लंडभर कालव्यांचे जाळे पसरले.

उंचसखल प्रदेशातून पाणी समपातळीवर नेता येत नाही, तेथे लॉक बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी किंवा विटांची पाणकोठी. नाव खालच्या दाराने आत घेऊन दार लावतात, वरच्या दारातील झडपा उघडून कोठीत पाणी सोडतात. पाण्याबरोबर नाव वर उचलली जाते आणि कोठीतील पाणी वरच्या कालव्याच्या पातळीला आले की वरचे दार उघडून नाव पुढे जाते. उतरताना हाच क्रम उलटा. यात यंत्र नाही की इंधन नाही. माणसाने हातातल्या चावीने झडप फिरवायची आणि दाराच्या लांब तुळईला पाठ लावून रेटायचे, एवढेच. पाण्याचे वजनच सारे काम करते.

पाणी आणि पैसा वाचवण्यासाठी मध्य इंग्लंडातील बऱ्याच कालव्यांचे लॉक केवळ ७ फूट रुंदीचे केले गेले. त्यांत मावावी म्हणून तेथील नाव सुमारे ६ फूट १० इंच रुंद आणि ७० फुटांच्या आसपास लांब झाली. हीच नॅरोबोट, अर्थात अरुंद नाव. तिचा आकार नावाड्याच्या सोयीने ठरला नाही, लॉकच्या मापाने ठरला. ही बाब साधी वाटते, परंतु पुढे त्या नावेत राहणाऱ्या माणसांचे सारे जीवन या सात फुटांत बसवावे लागले.

सुरुवातीस नावाडी घरदार काठावर ठेवून एकटे कामावर जात. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, पाठोपाठ इतर मार्ग आले आणि कालव्यांना दर उतरवावे लागले. मजुरी कमी झाली तेव्हा नावाड्याला घरभाडेही परवडेना आणि मदतनीसही. मग बायकामुलेच नावेवर आली. मागच्या टोकाला सुमारे १० फूट लांबीची खोली. तिच्यात शेगडी, पाडता-उघडता येणारे फळीचे टेबल, कपाटातून उलगडणारा बिछाना. नवरा घोड्यामागे, बायको सुकाणूवर, मुले लॉकच्या दारांवर, अशी कामाची वाटणी असे. या खोल्यांची दारे आणि पाण्याच्या डब्या गुलाबांच्या व किल्ल्यांच्या रंगीत चित्रांनी सजवण्याची रीत पडली, ती आजही त्या नावांची ओळख आहे. चित्रे पाहून मन प्रसन्न होते. पण त्यांच्यामागच्या खोलीत पाच-सहा माणसे निजत आणि मुलांना शाळा ठाऊक नसे, हेही सांगितले पाहिजे. जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने हा प्रश्न लावून धरल्यावर १८७७ मध्ये कालवा-नावांचा कायदा झाला. नावेची नोंदणी, तिच्यात किती माणसांनी राहावे याची मर्यादा आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद त्यात होती. १८८४ च्या दुरुस्तीने तपासणीला बळ आले.

विदर्भातील योजना आखली गेली तेव्हा इंग्लंडात कालव्यांचा सुवर्णकाळ ओसरला होता. तरीही कॉटन यांच्यासारखा अनुभवी अभियंता कालव्यांचाच पुरस्कार करीत राहिला, याचे कारण त्यांनी गोदावरीकाठी केलेल्या कामात शोधावे लागते.

== योजनेचा उगम ==

आर्थर कॉटन (१८०३–१८९९) यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला. दुष्काळ आणि महापूर यांनी गांजलेला त्रिभुज प्रदेश त्यामुळे भाताचे कोठार झाला. बंधाऱ्यातून निघालेल्या मुख्य कालव्यांना लॉक होते आणि त्यांतून नावा चालत. काकिनाडा बंदर, राजमहेंद्री, एलुरू, पुढे कृष्णेवरील विजयवाडा ही ठिकाणे पाण्याने जोडली गेली. त्याही दक्षिणेस मद्रासपर्यंत किनाऱ्याला समांतर कालवा होता. तो पुढे बकिंगहॅम कालवा या नावाने प्रसिद्ध झाला. आंध्रात आजही कॉटन यांचे पुतळे आहेत आणि शेतकरी त्यांचे नाव आदराने घेतात. परकीय अमलातील अधिकाऱ्याच्या वाट्याला असे प्रेम क्वचितच येते.

त्रिभुज प्रदेशात यश आल्यावर कॉटन यांची दृष्टी नदीच्या वरच्या भागाकडे वळली. राजकीय परिस्थितीही अनुकूल होत होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि दत्तकाचा हक्क नाकारून इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. हिंदुस्थानातील उत्तम कापसाचा एक मोठा पट्टा अशा रीतीने एका वर्षात कंपनीच्या हाती आला. मात्र तेथून कापूस बाहेर काढणे सोपे नव्हते. काही माल बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेस मिर्झापूरला जाई व तेथून गंगेतून कलकत्त्याला; काही माल घाट उतरून मुंबईला. एका बैलाच्या पाठीवर जेमतेम सव्वा क्विंटल ओझे बसते. आठशे किलोमीटरांच्या वाटेवर धूळ, पाऊस आणि चोरी यांमुळे माल खराब होई व वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीला खाऊन टाकी. परतीच्या वाटेवर बंजारे मीठ आणीत. नदीमार्ग झाल्यास खाली जाताना कापूस आणि वर येताना किनाऱ्याचे मीठ, असा दुहेरी व्यापार चालेल, हा योजनेच्या पुरस्कर्त्यांचा हिशेब होता.

मँचेस्टरच्या गिरणीमालकांना या हिशेबात रस होता. अमेरिकेच्या गुलामांकडून पिकवल्या जाणाऱ्या कापसावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे, हे ओळखून त्यांनी १८५७ मध्ये कापूस पुरवठा मंडळ स्थापन केले होते. पश्चिम किनाऱ्यावर कारवार बंदराचा विकास आणि पूर्वेस गोदावरीचा जलमार्ग, या दोन मागण्या त्यांनी सातत्याने लावून धरल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि आजवर अहवालात असलेली योजना एकाएकी निकडीची झाली. (कापसाच्या मार्गासाठी झटणाऱ्या अभियंत्याचे आडनाव कॉटन असावे हा निव्वळ योगायोग.)

दुसरी अडचण हद्दीची होती. नदीचा बराच भाग निजामाच्या राज्यातून किंवा त्याच्या सीमेवरून वाहत होता. १८६० च्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील काही तालुके निजामाने इंग्रजांना दिले आणि सीमेवरील नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घेऊ नये असे ठरले. या प्रदेशाचा 'ऊर्ध्व गोदावरी जिल्हा' करण्यात आला व सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत अस्तित्वात आल्यावर हा जिल्हा त्यात आला. सिरोंचासारख्या दूरच्या, जंगलाने वेढलेल्या गावी जिल्ह्याचे ठाणे बसावे, यामागे नदी हे मोठे कारण होते.

== तीन अडथळे ==

एफ. टी. हेग यांनी १८५० च्या दशकात नदीची पाहणी केली. नदी सबंध मार्गात अवघड नाही, असे तीत आढळले. बऱ्याच लांबीपर्यंत पात्र रुंद व वाळूचे असून पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पूर्वार्धात नावेपुरते पाणी असते. पण तीन ठिकाणी पात्रात खडकांच्या रांगा आडव्या येतात व पाणी त्यांच्यातून फुटून उसळत खाली जाते. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. देवलमरी आजच्या गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यात आहे. हे तीन अडथळे ओलांडले की वर्धेच्या काठाने चांदा आणि हिंगणघाटच्या कापूस बाजारापर्यंतचा मार्ग मोकळा होईल, असा अंदाज होता. समुद्रापासून हे अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक भरते.

प्रत्येक अडथळ्याच्या माथ्यावर बंधारा घालून पाणी अडवायचे, काठाने कालवा काढून नाव त्यात वळवायची आणि लॉकमधून पायरीपायरीने उतरवून अडथळ्याच्या खाली पुन्हा नदीत सोडायची, अशी आखणी होती. कागदावर ती निर्दोष दिसते. मध्य इंग्लंडात असे शेकडो लॉक बांधले गेले होते आणि त्रिभुज प्रदेशात स्वतः कॉटन यांनीच ते चालवून दाखवले होते.

परंतु इंग्लंडातील कालवा आणि गोदावरी यांत एक मूलभूत अंतर आहे. तेथील कालवा हे बांधलेले, स्थिर पाणी असते. डोंगरमाथ्यावरच्या तलावांतून त्याला मोजून पाणी देतात आणि बारमाही त्याची खोली सारखी राहते. गोदावरी ही मोसमी नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून माणसे चालत जातात, आणि पुरात तीच नदी काय रूप घेते हे १९८६ मध्ये दिसले, तेव्हा भद्राचलम येथील पातळी ७५ फुटांच्या वर नोंदली गेली. अशा नदीतून अडथळ्यांच्या जागा सोडवल्या तरी त्यांच्या मधल्या शेकडो किलोमीटरांत उन्हाळ्यात पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न राहतोच. कॉटन यांचे उत्तर होते की वरच्या खोऱ्यांत मोठे जलाशय बांधून कोरड्या महिन्यांत पाणी सोडावे. त्या काळी एवढे जलाशय बांधण्याची कोणाचीही तयारी नव्हती.

काम दुम्मागुडेमला सर्वाधिक पुढे गेले. तेथे बंधारा, कालवा आणि लॉक उभे राहिले. वरच्या दोन अडथळ्यांवरील कामे मात्र कधीच पूर्णत्वास गेली नाहीत. या भागात वस्ती विरळ होती. कोया, गोंड, माडिया हे आदिवासी आपापल्या शेती-जंगलात गुंतलेले. त्यांनी दगड फोडण्याच्या मजुरीवर यावे असे काही कारण नव्हते. म्हणून मजूर खालच्या प्रदेशातून आणावे लागत, आणि त्यांच्यासाठी धान्यही. पावसाळ्यात काम बंद, पावसाळा सरताच हिवताप, आणि उन्हाळ्यात साहित्य वाहायला नदीत पाणी नाही. वर्षातील कामाचे महिने मोजकेच उरत. खर्च वाढत गेला तो यामुळे. हेग पुढे कोया लोकांतील ख्रिस्ती मिशनच्या कामाशी जोडले गेले, ते दुम्मागुडेमलाच. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा योजनेला पाठिंबा होता.

== नावेवरील वास्तव्य ==

इंग्लंडातील नावाड्यांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या नावेतच संसार करणारा वर्ग या मार्गावर निर्माण झाला नाही. मार्गच पुरा झाला नाही तर तो होणार कसा? तथापि नावेवर दिवसचे दिवस काढणे हा येथील प्रवासाचा भाग होता. राजमहेंद्रीहून वर येणाऱ्यास पापीकोंड्याच्या घळईत दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर. काठाने धड पायवाट नाही. नाव वल्ह्याने, वाऱ्याने किंवा दोराने ओढत चढवावी लागे. रात्री वाळूच्या बेटाला नाव लावून तेथेच स्वयंपाक होई आणि बांबूच्या तट्ट्यांच्या किंवा ताडपत्रांच्या छपराखाली निजणे. अधिकारी मंडळींच्या नावांना बंदिस्त खोली असे, आणि त्रिभुज प्रदेशातील कालव्यांवर पाटबंधारे खात्याचे अभियंते विसाव्या शतकातही अशा घरनावांतून तपासणीस फिरत. तेथे नाव ओढण्यास घोडा नव्हता. काठावरच्या वाटेने दोर खांद्यावर घेऊन माणसेच चालत.

वरच्या भागात, वैनगंगा-वर्धेवर, मोठ्या नावांची परंपरा नव्हती. तेथे एका खोडातून कोरलेला डोंगा चाले. ढीवर समाजाचे लोक मासेमारीसाठी आणि नदी उतरवून देण्यासाठी तो वापरीत. अहेरीच्या जंगलातील सागवान मात्र पाण्याने जाई. ओंडके एकत्र बांधून त्यांचे तराफे प्राणहितेतून गोदावरीत आणि तेथून थेट राजमहेंद्रीकडे सोडले जात. तराफ्यावर असलेली माणसे काही दिवस त्या लाकडांवरच राहत. लॉक नाही, बंधारा नाही, पुराचा जोर आणि वाट ओळखणारी माणसे एवढ्यावर हा व्यापार चालला. सरकारी योजनेच्या आधीही नदी वाहतुकीला उपयोगी पडत होती, फक्त एकाच दिशेने, खालच्या. ही गोष्ट योजनेच्या वर्णनांत सहसा येत नाही.

== रेल्वे आणि योजनेची समाप्ती ==

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली होती. खरा अडसर सह्याद्रीचा होता. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये आणि थळघाटाची १८६५ मध्ये पुरी झाल्यावर लोहमार्ग खानदेश-वऱ्हाडातून झपाट्याने पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपुरास आला. बैलांना महिने लागत ते अंतर आता दिवसांवर आले. रेल्वे बारा महिने चालते, तिला पुराची वा उन्हाळ्याची पर्वा नाही. शिवाय मुंबई हे खोल पाण्याचे बंदर. काकिनाड्याला मोठी जहाजे दूर समुद्रात उभी राहत आणि माल छोट्या नावांतून न्यावा लागे.

दरम्यान १८६५ मध्ये अमेरिकन युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते. मँचेस्टरचा उत्साह ओसरला. अखेर १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने काम थांबवण्याचा निर्णय घेतला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाट आणि पुढे वरोऱ्याच्या कोळसा खाणीपर्यंत रेल्वेचा फाटा गेला. नावांनी जेथपर्यंत यायचे होते, त्याच बाजारपेठेत आगगाडी आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि कापसाचा काही हिस्सा तरी गावातच सूत होऊ लागला.

कॉटन यांनी हार मानली नाही. रेल्वेवर होणारा खर्च कालव्यांवर झाला असता तर वाहतूकही स्वस्त झाली असती आणि दुष्काळही टळले असते, असे ते वृद्धापकाळापर्यंत मांडत राहिले. १८७८ मध्ये लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीपुढे त्यांनी साक्ष दिली; समितीने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. त्यांच्या मताचा उत्तरार्ध, म्हणजे सिंचनाचा, काळाने बराचसा खरा ठरवला. पूर्वार्धाबाबत मात्र असे म्हणता येत नाही. वर्षातील चार-पाच महिने बंद राहणारा मार्ग कितीही स्वस्त असला तरी व्यापारी त्यावर विसंबत नाही. कापूस दिवाळीनंतर वेचला जातो आणि सरकी काढून, गाठी बांधून बाजारात येईपर्यंत हिवाळा सरत आलेला असतो. म्हणजे माल तयार होतो नेमका तेव्हाच नदी उतरू लागते. योजनेच्या मुळाशी असलेला हा दोष कोणत्याही लॉकने दूर होण्यासारखा नव्हता.

== प्रशासकीय परिणाम ==

१८७४ मध्ये ऊर्ध्व गोदावरी जिल्हा मोडण्यात आला. भद्राचलम आणि रेकापल्ली हे तालुके मद्रास प्रांतात गेले, तर सिरोंचाचा भाग चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्यामुळे तेलुगू व गोंडी-माडिया बोलणारा हा टापू नागपूरच्या प्रशासनाखाली राहिला आणि पुढे महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाल्यावर सिरोंचा त्यात समाविष्ट झाले. तेथे मराठी शाळेत शिकणारी कित्येक मुले घरी तेलुगू बोलतात.

== नंतरचा काळ ==

इंग्लंडातील कालव्यांवरील मालवाहतूकही रेल्वे व मोटारींपुढे टिकली नाही. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठून राहिल्यानंतर उरलीसुरली वाहतूक जवळजवळ संपली. परंतु तोपर्यंत त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. एल. टी. सी. रोल्ट यांनी नॅरोबोटीवर राहून केलेल्या प्रवासाचे पुस्तक १९४४ मध्ये आले आणि १९४६ मध्ये त्यांनी रॉबर्ट एकमन यांच्यासह अंतर्देशीय जलमार्गांसाठी संघटना स्थापन केली. स्वयंसेवकांनी बुजलेले कालवे खोदून काढले, लॉकची दारे बसवली. आता या नावांवर कोळशाऐवजी माणसे राहतात; कोणी सुटीपुरती, कोणी घरभाडे परवडत नाही म्हणून कायमची. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३२०० किलोमीटरांचे जलमार्ग एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. ज्याला नाव बांधण्याची कायम जागा नाही, त्याने १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सामान्यतः १४ दिवसांहून अधिक थांबायचे नाही. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे जलद चालणाऱ्या माणसाएवढी. पाण्याची टाकी भरणे, शौचालयाची टाकी ठरलेल्या जागी रिकामी करणे, शेगडीसाठी कोळसा साठवणे आणि मुलांची शाळा किंवा कामाचे ठिकाण न सुटेल अशा बेताने दर पंधरवड्याला घर पुढे सरकवणे, अशी ती दिनचर्या आहे.

गोदावरीच्या वरच्या भागात असा पुनर्जन्म झाला नाही. नदीचे पाणी आता सिंचन, वीज आणि पिण्यासाठी अडवले जाते. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण झाले. सिरोंचासमोर, प्राणहिता-संगमाच्या खाली, तेलंगणाने काळेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा बांधला. त्याचे काही खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचले. हेग यांचा दुसरा अडथळा असलेल्या इंचमपल्लीच्या जागेवर मोठे धरण बांधण्याचा प्रस्ताव अनेक दशके चर्चेत आहे. दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा असून त्याचे पाणी वापरले जाते, नावांखेरीज सर्व कामांसाठी. काळेश्वर आणि सिरोंचा यांच्यामध्ये आता पूल आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील १११ जलमार्ग घोषित झाले. त्यांत पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता यांचा समावेश आहे. भद्राचलम ते राजमहेंद्री हा गोदावरीचा टप्पा त्याआधीच, २००८ मध्ये, काकिनाडा-पुदुच्चेरी जलमार्गाचा भाग म्हणून राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाला होता.